आगोदर फाटक

जोमाशेठ केणे यांच्या फाटकाची रुंदी बारा फूट आहे. खांबांची उंची नऊ फूट. कंपाऊंडची लांबी शून्य.

अंबाडीहून दिघाशीकडे जाताना डाव्या हाताला मोकळ्या माळावर हे फाटक उभं आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना भिंत नाही, तार नाही, साधं कुंपणही नाही. पाठीमागे गवत, सहा आंब्याची झाडं आणि त्यापलीकडे गोदामांचे निळे पत्रे. घर नाही. शेळ्या फाटकाच्या उजवीकडून जातात, म्हशी डावीकडून, आणि सायकलवाले ज्या बाजूला चिखल कमी असेल त्या बाजूने. दीड वर्ष त्या फाटकातून फक्त एकच माणूस जात होता. तो म्हणजे फाटकाचा मालक.

त्यांची आत जाण्याची पद्धत ठरलेली होती. गाडी फाटकासमोर उभी करायची. दोन छोटे हॉर्न द्यायचे. मग स्टिअरिंगवर हात ठेवून स्वस्थ बसायचं. उघडायला कोणी येणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी ते थांबत. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं, सव्वा मिनिट भरलं. त्यानंतर ते स्वतः उतरत, कुलूप काढत, दोन्ही दारं उघडत, गाडी आत घेत, मागे येऊन फाटक लावत आणि पुन्हा कुलूप घालत. आंब्याखाली पाच मिनिटं बसत. निघताना मात्र ते फाटकाकडे फिरकतही नसत. झाडांना वळसा घालून गाडी गवतातून थेट रस्त्यावर.

मी ठाण्याच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. भिवंडीत राहतो आणि आठवड्यातून तीनदा या रस्त्याने जातो. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी स्कूटर थांबवून म्हणालो, "शेठ, बाजूला सगळं मोकळंच आहे की."

चपला घालून देवघरात शिरलेल्या माणसाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाजूनं शेळ्या जातात," ते म्हणाले. "तुमी शेळी हाय का?"

मी नव्हतो. "मग जाताना का बाजूने जाता?"

"जायाला फाटक कशाला? फाटक येनाऱ्यासाठी अस्तं."

एवढं बोलून त्यांनी काच वर केली. आमची ओळख झाली ती अशी.

जोमाशेठ सत्तरीच्या अलीकडचे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पांढरी पँट, शर्टाच्या खिशात पेन असावं तिथे पाच मीटरची मोजपट्टी. वडिलोपार्जित भातखाचरांवर आता गोदामं आहेत, त्यामुळे सकाळी उठून करायचं असं त्यांना काही उरलेलं नव्हतं. अशा परिस्थितीत तालुक्यातली माणसं राजकारणात जातात, बैलगाडा शर्यती भरवतात किंवा क्रिकेटच्या टीम विकत घेतात. जोमाशेठ फाटकं बघू लागले.

त्यांची या विषयावरची मतं पक्की होती. सरकतं फाटक लाजरं असतं, कारण ते पाहुण्याला बघून भिंतीआड जातं. रोलिंग शटर म्हणजे घराने डोळे मिटून घेणं. दोन दारांचं, आतल्या बाजूला उघडणारं फाटक तेवढं खरं. "ते दोन हात पसरून 'या' बोलतं," असं ते स्वतः हात पसरून दाखवत. गावातल्या त्यांच्या तीन मजली बंगल्याला मुलाने, अविनाशने, रिमोटवर सरकणारं स्टीलचं फाटक बसवलं होतं. जोमाशेठ आपली गाडी त्या फाटकाबाहेर रस्त्यावरच लावत. "आमच्या घरचं फाटक भुतं उघडतात," असं ते चारचौघांत सांगत. अविनाश शेजारी उभा असला तर जरा मोठ्याने.

पडघ्याला पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हाची गोष्ट त्यांच्या घरात अजून सांगतात. मंडळी उतरली. जोमाशेठनी पुढे होऊन फाटक ढकललं. ते कर्रकन वाजलं आणि फरशीला घासत अर्ध्यात अडकलं. जोमाशेठ परत गाडीत जाऊन बसले.

"काका, काय झालं?"

"ज्या घरात फाटकाला तेल घालनारा न्हाय, त्या घरात आपली पोरगी काय करंल? ती पन वाजंल."

स्थळ चांगलं होतं, मुलगा तर फारच चांगला. लग्न ठरलं. लग्नाच्या दिवशी इतरांनी आहेर आणले, जोमाशेठनी तेलाची बुधली नेली. वरात येण्याआधी स्वतः वाकून चारही बिजागऱ्यांत तेल सोडलं, फाटक दोनदा उघडून-मिटून पाहिलं आणि मगच मांडवात येऊन बसले. ते फाटक आजतागायत वाजत नाही. पुतणीचं सासरच्यांशी कसं आहे ते मी विचारलं नाही.

त्यांची दोन वाक्यं तालुक्यात प्रसिद्ध होती. एक, "आगोदर फाटक, मंग घर." हे, घर कधी बांधणार या प्रश्नाचं उत्तर. दुसरं, "टाईम कमी हाय." हे बाकीच्या सगळ्या प्रश्नांचं. ज्या माणसाच्या हाताला काम नाही त्याला वेळ कमी का पडावा, हे कोणाला कळत नव्हतं. कंपाऊंडच्या भिंतीबद्दल विचारलं तर ते नुसतं "वॉल आडवी येते" म्हणत. भिंत आडवी येण्यासाठीच असते, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

ओळख होऊन महिना झाल्यावर त्यांनी मला आंब्याखाली बोलावलं आणि गाडीच्या डिकीतून एक लॅमिनेट केलेला कागद काढला.

वाडा रस्त्याच्या कागद कारखान्यांसाठी परदेशातून रद्दीच्या गाठी येतात. अशा एका ट्रकमधली गाठ अंबाडी नाक्यावर फुटली होती. रस्ताभर पसरलेल्या कागदांत जोमाशेठना हे पान सापडलं. कुठल्या तरी जुन्या इंग्रजी मासिकातलं असावं. त्यावर मापांसकट काढलेलं चित्र होतं: दोन दगडी खांब, खांबांवर गोळे, भाल्यांच्या टोकांचं लोखंडी फाटक, पायी येणाऱ्यांसाठी बाजूला छोटी दिंडी आणि फाटकाला खेटून एक लहानसं घर. उतरतं छप्पर, वळचणीला लाकडी झालर, धुराडं. पान उजवीकडे फाटलेलं होतं. मुख्य बंगला असायला हवा होता नेमका तिथेच.

"घराचं पान न्हाय," जोमाशेठ म्हणाले. "फाटकाचं हाय. म्हनून फाटक बांधलं. आता मला खालचं वाचून दाखवा, काय लिवलंय."

मी वाचलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका गावाकडच्या बंगल्याचं प्रवेशद्वार आणि लॉज, असा मजकूर होता.

"लॉज?"

"फाटकवाल्याचं घर. त्याला तिकडे लॉज म्हणतात. फाटक उघडणारा माणूस बायकामुलांसकट तिथे राहायचा."

जोमाशेठनी चष्मा काढला. "त्याला घर द्यायचे?"

"द्यायचे."

"ही खिडकी कशी हाय? बाहेर आलेली?"

"तीन बाजूंची आहे. आत बसल्या बसल्या रस्ता दोन्हीकडे दिसतो. गाडी येताना लांबूनच कळावी म्हणून."

"म्हंजे पळत यायला नको." ते बराच वेळ त्या खिडकीवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "लॉज बांधायचा. टाईम कमी हाय."

काम नसीम मिस्त्रींकडे गेलं. हे मूळचे मालेगावचे, फाटकाचे खांबही त्यांनीच बांधलेले. खांबांवरचे सिमेंटचे गोळे त्यांनी भगोण्यात ओतून केले होते. दोन भगोणी दोन मापांची असल्यामुळे डावा गोळा उजव्याहून चार बोटं मोठा आहे. गावात त्यांना "नवरा-बायको" म्हणतात.

नसीम मिस्त्रींना धुराड्याचं कोडं उलगडेना.

"शेठ, धुआँ किधर से आएगा? अंदर तो गॅस है."

"चित्रात हाय म्हंजे पायजे."

"मगर काम क्या करेगा?"

"दिसंल," जोमाशेठ म्हणाले. "लांबून दिसंल, हितं कोनतरी ऱ्हातंय."

मात्र हाच चित्राला देवासारखं मानणारा माणूस तीन ठिकाणी चित्राच्या विरोधात गेला, आणि ते मी तेव्हा वहीत टिपून ठेवलं होतं. चित्रात दाराला दोन पायऱ्या होत्या. जोमाशेठनी पायऱ्या काढल्या, उंबरासुद्धा ठेवला नाही. चित्रात खिडकी छातीइतक्या उंचीवर होती. त्यांनी ती खाली आणली, मोजपट्टीने खुर्चीत बसलेल्या मिस्त्रींच्या डोळ्यांची उंची मोजून. आणि चित्रात कुठेही नसलेला लोखंडी कठडा त्यांनी लॉजच्या दारापासून फाटकाच्या कडीपर्यंत लावून घेतला.

फाटक जड होतं. ते एका बोटाने उघडलं पाहिजे, अशी त्यांची अट होती. शेवटी नसीम मिस्त्रींनी भिवंडीत भंगारात काढलेल्या पॉवरलूमचे बेअरिंग आणून बिजागऱ्यांत बसवले. जोमाशेठनी करंगळीने दार ढकललं. ते आपलं आपण आत गेलं आणि सावकाश थांबलं. जोमाशेठ मोठ्याने हसले. एवढं हसताना मी त्यांना प्रथमच पाहिलं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढे जे झालं त्याला कारण मी आहे.

एका शनिवारी पानाला मजकूर कमी पडला. मी जोमाशेठवर सहा ओळी पाठवल्या. मूळ वाक्य असं होतं: "दिघाशी रस्त्यालगत जोमा केणे हे व्हिक्टोरियन पद्धतीचे फाटक व त्यालगत फाटकवाल्याच्या निवासासाठी लॉज बांधत आहेत." ऐनवेळी जाहिरात आली. डेस्कने सहा ओळींच्या दोन केल्या. छापून आलं ते असं: "दिघाशी रस्त्यालगत जोमा केणे हे व्हिक्टोरियन लॉज बांधत आहेत." वर मथळा: "दिघाशी रस्त्यावर नवा लॉज."

आमच्या भागात लॉज या शब्दाला एकच अर्थ आहे, आणि तो सांगावा लागत नाही.

सकाळी नऊच्या आत दोन ट्रकवाले फाटकाशी थांबून गेले. एकाने नसीम मिस्त्रींना विचारलं, "चाचा, रूम घंटे से देते हो या दिन से?" दुपारी कल्याणहून एक गृहस्थ आले. त्यांना 'व्हिक्टोरिया लॉज'ला गाद्या आणि उशा पुरवायच्या होत्या. नमुन्याची उशी त्यांनी बरोबर आणली होती. संध्याकाळी बचत गटाच्या बायका जोमाशेठच्या बंगल्यावर गेल्या आणि रिमोटचं फाटक उघडेना म्हणून बाहेरूनच बोलल्या. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल, असं.

जोमाशेठनी ग्रामपंचायतीत ना हरकतीसाठी अर्ज दिला होता. त्यातही त्यांनी स्वतःच्या हाताने, अभिमानाने, 'लॉज' असंच लिहिलं होतं. शब्द मी शिकवला होता. सरपंच सुलभाताईंनी काम थांबवायला सांगितलं आणि विषय ग्रामसभेपुढे ठेवला. छप्पर घालायचं तेवढं राहिलं होतं.

मी माफी मागायला गेलो. जोमाशेठ आंब्याखाली बसले होते. ते रागावतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "ओ बातमीवाले, ग्रामसभा कवा हाय?"

"पंधरा दिवसांनी."

"पंदरा," ते म्हणाले, आणि उघड्या छपराच्या वाशांकडे बघत राहिले. "पंदरा दिस लय झालं हो. टाईम कमी हाय."

या वेळी ते वाक्य ऐकून मला हसू आलं नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. नेहमी कोरम पुरा होत नाही, त्या दिवशी सतरंज्या पुरल्या नाहीत. सुलभाताई चाळिशीच्या, मुद्देसूद बोलणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, "शेठ, तुमचा मान हाय. पन त्या रस्त्यानं आमच्या पोरी शाळेत जातात. गावाच्या तोंडाशी लॉज नको."

"ताई, त्यो लॉज तसला न्हाय. फाटकवाल्याचं घर हाय."

"मंग तसं लिवायचं व्हतं."

मी उभा राहिलो. शब्द माझा आहे, मथळा आमच्या पेपरचा आहे आणि खुलासा छापून आला आहे, असं सांगितलं. मागून आवाज आला, "कुठं छापला? बारशाच्या जाहिरातीखाली?" ते खरं होतं.

"बरं, फाटकवाल्याचं घर," सुलभाताई म्हणाल्या. "फाटकवाला कोन?"

जोमाशेठनी खिशातून मोजपट्टी काढली.

"नाव सांगा. गावचा हाय का भायेरचा? आधार कार्ड हाय का?"

"हाय एक मानूस," जोमाशेठ म्हणाले.

हशा पिकला. "भिंत न्हाय, घर न्हाय, आन् फाटकवाला हाय!" कोणीतरी म्हणालं. "पगारबी फाटकालाच देनार काय शेठ?" जोमाशेठ मान खाली घालून मोजपट्टी बाहेर ओढत होते आणि सोडत होते. ती दर वेळी सटकन आत जायची.

शेवटी निर्णय शब्दावर आला. लॉज हा शब्द अर्जातून काढायचा, तर त्या जागी काय घालायचं? 'चौकी' सुचवण्यात आलं. त्याला हरकत अशी की पोलिसांना आयती जागा मिळेल. 'खोली' म्हटलं तर भाड्याची वाटते. 'केबिन' म्हटलं तर टपरी. ग्रामसेवक 'संरक्षक निवासस्थान' असं लिहू लागले, तेव्हा त्यांना सगळ्यांनी मिळून थांबवलं. अर्धा तास हे चाललं. मग बायकांच्या बाजूने सुलभाताईंच्या सासूबाई बोलल्या.

"देवडी बोला ना रं. आमच्या म्हायेरी पाटलाच्या वाड्याला व्हती. फाटकाला लागून, राखनदाराला बसाया. तिला काय लाज हाय?"

शब्द सगळ्यांच्या ओळखीचा होता, फक्त बराच काळ कोणाला भेटला नव्हता. 'लॉज' खोडून 'देवडी' लिहिण्यात आलं. ना हरकत मिळाली, एका अटीवर: काम पुरं झालं की देवडीत कोण राहतं ते सरपंचांनी जाऊन बघायचं.

"बघा," जोमाशेठ म्हणाले. "एकेक करून या. आन् फाटकातून या."

छप्पर आठ दिवसांत चढलं. झालर लागली. धुराड्यावर नसीम मिस्त्रींनी, सांगितलं नसताना, एक छोटा सिमेंटचा मोर बसवला. मग एका सकाळी मला फोन आला.

"ओ बातमीवाले, दुपारी या. हॉर्न एकदाच द्या."

"एकदाच का?"

"दोन शेठचे. पाव्हन्याचा एक."

मी गेलो. फाटक बंद होतं. मी स्कूटरचा हॉर्न एकदा वाजवला. देवडीच्या खिडकीत एक चेहरा दिसला, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या उंचीवर. मग उंबरा नसलेल्या दारातून एक अगदी लहानखुरी, वाकलेली म्हातारी बाहेर आली. लुगडं नेसलेली, कमरेला किल्ली. एक हात कठड्यावर ठेवून ती पावलं मोजत फाटकापर्यंत आली. कुलूप काढलं. करंगळीने नव्हे, पण दोन बोटांनी एक दार ढकललं, मग दुसरं. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. सव्वा मिनिट लागलं असणार.

"कोन?"

"बातमीवाला."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सरळ जा. बंगला लांब हाय, पन वाट चांगली हाय."

मी सरळ गेलो. आंब्याखाली जोमाशेठ गाडीत बसले होते.

"माझी आय," ते म्हणाले.

त्यांनी मग सांगितलं ते असं. खाडीपलीकडे मुंबईच्या एका व्यापाऱ्याचा बागबंगला होता. जोमाशेठचे वडील तिथे फाटकवाले म्हणून लागले. पण वडील बहुतेक वेळ बागेत राबत, आणि फाटक आई उघडायची. फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत जोमाशेठचा जन्म झाला. त्या खोलीला रस्त्याच्या बाजूने खिडकी नव्हती. हॉर्न ऐकला की आई हातातलं टाकून पळत सुटायची, पिठाच्या हातांनी, पावसात. पंधरा वर्षं. मग ते गावी परतले, जमिनीचे दिवस आले, बंगला झाला.

"आता तिला काय आठवत न्हाय. धा मिन्टापूर्वी जेवली ते आठवत न्हाय. पन हॉर्न वाजला की उठते. आमच्या घरासमोर दिसभर गाड्या, दिसभर उठते. फाटकाशी जाते, तर ते आपलं आपन सरकतं. एकदा मला बोलली, जोम्या, माजं काम कोनी घेतलं रं?" त्यांनी देवडीकडे पाहिलं. "दोनदा सरकत्या फाटकात सापडता सापडता वाचली. मंग अविनाशनं गिरीलला कुलूप लावलं. त्याचं पन बरोबर हाय. ती मंग गिरीलला धरून उभी ऱ्हायाची. जेवन सोडलं."

"हे ग्रामसभेत सांगायचं होतं."

"सांगून? लोक बोलले असते, जोमाशेठनं आयला वॉचमन ठेवली." त्यांनी मोजपट्टी खिशात नीट बसवली. "तुमी पन छापू नका."

मग त्यांनी गाडी सुरू केली. झाडांना वळसा घालून, गवतातून, ते रस्त्यावर गेले आणि फाटकासमोर जाऊन उभे राहिले. वॉल आडवी येते म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं: भिंत असती तर तिच्या नकळत बाहेर पडून पुन्हा फाटकाशी येता आलं नसतं.

दोन छोटे हॉर्न वाजले.

म्हातारी बाहेर आली. या वेळी तिने चालता चालता पदर सारखा केला. दारं उघडली आणि बाजूला उभी राहून मान लववली. जोमाशेठ समोर बघत गाडी आत घेऊन आले. माझ्याजवळ थांबून त्यांनी काच खाली केली.

"मला वळखत न्हाय ती आता," ते म्हणाले. "त्या बंगल्याच्या शेठला वळखते. काल बोलली, आज लवकर आलात."

"दिवसातून किती वेळा?"

"आठ-धा. मंग दमते आन् दोन भाकऱ्या खाते."

मी छापलं नाही. त्याची गरजही पडली नाही. चार दिवसांनी सुलभाताई आणि बचत गटाच्या दोघी तीन स्कूटरवरून पाहणीला आल्या. सांगितल्याप्रमाणे एकेक करून आल्या. फाटक तीनदा उघडलं, तिघींना तीनदा "कोन?" विचारण्यात आलं. आत गेल्यावर त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही. पंचायतीच्या दप्तरातली नोंद मी पाहिली आहे. ती सुलभाताईंच्या अक्षरात आहे: "देवडीत एक फाटकवाली राहते. जागेवर हजर होती. हरकत नाही."

त्या दिवसापासून गाव बाजूने जायचं बंद झालं. दूधवाला फाटकातून जातो, आत कोणाचंच टपाल नसताना टपालवालाही फाटकातून जातो. शाळेच्या पोरी सायकलची घंटी वाजवतात आणि रांगेत उभ्या राहतात. त्यांना म्हातारी दिंडीतून घेते, कारण पायी आणि सायकलवाल्यांसाठी मोठं फाटक उघडायचं नाही असा तिला कोणीतरी एके काळी दिलेला नियम आहे. अविनाश सुद्धा संध्याकाळी येतो. त्याने पहिल्या दिवशी चुकून दोन हॉर्न दिले. म्हातारीने त्याला फाटकातच थांबवलं आणि शेठ आत असताना दोन हॉर्न देणारा तू कोण, असं विचारलं. शेळ्या अजून उजवीकडूनच जातात. त्यांच्यावर जोमाशेठनी आशा सोडली आहे.

गेल्या आठवड्यात जोमाशेठ मला म्हणाले, "आता लिवा. गावाला ठाऊक झालंच हाय. पन वॉचमन लिवू नका."

"मग काय लिहू?"

त्यांनी विचार केला. "लिवा, फाटक तिचं हाय. मी नुसता येतो."

काल दुपारी मी पुन्हा त्या रस्त्याने गेलो. दिघाशीला जायचं होतं, वाकडी वाट करायचं कारण नव्हतं. मी फाटकाशी थांबून एक हॉर्न दिला. धुराड्यावरच्या मोरावर खरा कावळा बसला होता. ती आली, कठड्याला धरून, सावकाश. दारं उघडली.

"कोन?"

"बातमीवाला."

"उशीर केलात. शेठ मघाशीच आले." तिने हाताने आतली दिशा दाखवली. "सरळ जा. बंगल्यावर दिवे दिसतील."

समोर ऊन होतं, गवत होतं आणि सहा आंबे होते.

मी सरळ गेलो.